लहान बेटराष्ट्राचा अभ्यास करायचाय? आधी बोटीत काय चढतं-उतरतं ते बघा

आमच्या गोव्यात शाळा-कॉलेजात हे प्रोजेक्ट फिरून फिरून येतंच, "एका लहान बेटराष्ट्राची माहिती लिहा, भूगोल, शासन आणि अर्थव्यवस्था", आणि मग घरोघरी एकच चालू होतं, गुगल उघडायचं, क्षेत्रफळ, लोकसंख्या, राजधानी, चलन, झेंडा, दोन बीचचे फोटो, प्रिंट मारायची, फाईल लावायची, झालं. जीपीएससीची (गोवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची) तयारी करणारी मोठी मुलंसुद्धा असंच पाठ करताना बघितलीयेत. त्यातून देश कळतच नाही हो. तीन चॅप्टर तीन दिशांना असतात, भूगोलात डोंगर, शासनात राष्ट्रपती, अर्थव्यवस्थेत पर्यटन, आणि कशाचा कशाशी संबंध लागत नाही.

मी मुलांना वेगळ्या पद्धतीने करायला लावते आणि ती इथे नीट लिहितेय, पालकांनाही उपयोगी पडेल. सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी आहे: त्या देशाच्या बंदरात बोटीतून काय उतरतं आणि बोटीत काय चढतं? मोठ्या देशाला हा प्रश्न विचारून फार काही हाताला लागत नाही, पण लहान बेटावर जे काही आहे ते एकतर तिथेच पिकतं नाहीतर समुद्रावरून येतं, आणि जे येतं त्याचे पैसे परकीय चलनात मोजावे लागतात, तेव्हा काहीतरी बाहेर विकावंच लागतं. काय उतरतं ते भूगोल ठरवतो, काय चढतं ती अर्थव्यवस्था, आणि हे सगळं कोणी कसं चालवायचं ते शासन. एवढं धरून ठेवलं की तिन्ही चॅप्टर आपोआप जोडले जातात.

आधी देश निवडा. फोटो बघून निवडू नका. ज्याची सरकारी आकडेवारी इंग्रजीत मिळते, ज्याचं आपल्याशी काहीतरी नातं लागतं असा देश घ्या. गोव्यातल्या मुलांना मी बहुतेक वेळा मॉरिशस सुचवते, कारण तुलना हाताशी आहे. गोवा ३७०२ चौरस किलोमीटर, मॉरिशस सगळी बेटं धरून साधारण २०४०. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या थोडी वर, त्यांची साडेबारा लाखांच्या आसपास. दोघांकडे बीच, दोघांकडे टुरिस्ट, दोघांनी युरोपियन राजवट पाहिलेली. आणि मराठी वाचणाऱ्याला आणखी एक जवळीक आहे, एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर मजूर म्हणून जी माणसं ऊस तोडायला तिकडे गेली त्यात मराठी माणसं होती, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, शाळेत मराठी शिकता येते आणि गणेश चतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. आपल्यासारखीच चवथ, फक्त हिंदी महासागराच्या पलीकडे. मालदीव, सेशेल्स, केप व्हर्ड, नाऊरू हेही चांगले आहेत, आणि मुख्य देश कुठलाही घेतलात तरी यातले एकदोन तुलनेला लागतातच.

आता भूगोल. इथे जमिनीपासून सुरुवात करू नका, समुद्रापासून करा. एक सोपी गोष्ट करून बघा, ग्राफ पेपर घ्या, मधे एक टिंब काढा, ते टिंब म्हणजे एकटंच एक छोटं बेट. समुद्री कायद्याच्या १९८२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचे मासे आणि तळाची खनिजं यांवर त्या देशाचा हक्क, म्हणजे साधारण ३७० किलोमीटर. कंपासने तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मारा आणि क्षेत्रफळ काढा, पाय आर स्क्वेअर. उत्तर येतं साधारण चार लाख तीस हजार चौरस किलोमीटर. गोव्याच्या शंभरपटीहून जास्त! एका टिंबामुळे. (माणसांना राहता येत नाही असा नुसता खडक असेल तर हा २०० मैलांचा हक्क मिळत नाही, हेही त्याच करारात आहे, बाजूला लिहून ठेवा.) हे वर्तुळ स्वतःच्या हाताने काढलं की मुलांना कळतं की "लहान" देश हा फक्त जमिनीने लहान असतो. मॉरिशस सरकार आपलं समुद्रक्षेत्र साधारण २३ लाख चौरस किलोमीटर सांगतं, त्यात त्यांनी चागोस हा वादातला द्वीपसमूहही धरलेला आहे, त्याबद्दल खाली येतंच. आणि सेशेल्सबरोबर मिळून जवळपास चार लाख चौरस किलोमीटरचा समुद्रतळ ते एकत्र सांभाळतात, २०१२ मध्ये तसे करार झाले.

म्हणून नकाशात फक्त मुख्य बेट काढून थांबायचं नाही. मॉरिशस म्हणजे मादागास्करच्या पूर्वेला ८०० किलोमीटरवर असलेलं मुख्य बेट, त्याच्याही पूर्वेला साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर रॉड्रिग्ज, उत्तरेला हजारेक किलोमीटरवर अगालेगाची दोन बेटं (तिथे भारताच्या मदतीने धावपट्टी आणि जेटी बांधली, फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन झालं), शिवाय सेंट ब्रँडनची चिमुकली बेटं. शेजारचं रियुनियन मात्र फ्रान्सचं, ते यात घालू नका, बरीच मुलं घालतात. आणि चागोस. चागोसचा वेगळा परिच्छेद कराच, कारण एवढ्या एका विषयात सगळं आहे: १९६५ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, ब्रिटिशांनी तो द्वीपसमूह मॉरिशसपासून तोडला, तिथल्या लोकांना घरातून बाहेर काढलं, त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला, २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला दिला की हे तोडणं कायद्याला धरून नव्हतं, आणि २२ मे २०२५ ला ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या, सार्वभौमत्व मॉरिशसचं आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या लीजवर. सही होणं आणि करार अंमलात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तेव्हा पुढे काय झालं ते प्रोजेक्ट लिहाल त्या दिवशीची बातमी बघूनच लिहा.

समुद्र झाला की उंची आणि पाणी. बेटाची उंची किती आणि प्यायचं पाणी कुठून येतं, हे दोन प्रश्न विचारले की अर्धा भूगोल संपतो. मॉरिशस ज्वालामुखीतून तयार झालेलं, मधे पठार, सगळ्यात उंच टोक ८२८ मीटर, भोवती प्रवाळाचं कडं. तिथे वारे आग्नेयेकडून येतात, ढग मधल्या पठारावर रिकामे होतात, त्यामुळे क्यूरपिपसारखं पठारावरचं गाव कायम भिजलेलं आणि पश्चिम किनारा कोरडा. आपल्याकडे सह्याद्री जे करतो तेच, फक्त दिशा वेगळी. उंची आहे म्हणून नद्या, तळी, जलाशय आहेत. आणि ते दक्षिण गोलार्धात, म्हणजे आपल्याकडे जूनमध्ये पावसाळा तेव्हा तिकडे थंडी, आणि नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. १९६० च्या कॅरोल वादळाने हजारो साधी घरं झोपवली, त्यानंतर सिमेंटची घरं बांधायचा जोर वाढला. ऊस तिथे एवढा का टिकला याचंही एक कारण हेच, वादळात ऊस वाकतो, आडवा होतो पण बऱ्यापैकी वाचतो, झाडांचं फळपीक झडून जातं.

आता याच्या उलट मालदीव ठेवा. जवळपास १२०० बेटं, त्यातली दोनशेच्या आत-बाहेर वस्तीची, सगळी जमीन मिळून ३०० चौरस किलोमीटरसुद्धा नाही आणि डोंगर औषधालाही नाही, बहुतेक जमीन समुद्रापासून मीटर-दीड मीटर उंच. नदी नाही. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, उपसा जास्त झाला किंवा समुद्र आत आला की तो खारट होतो. राजधानी माले समुद्राचं पाणी गोडं करून पिते. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या प्लांटला आग लागली आणि एक लाखाहून जास्त माणसांचे नळ बंद पडले, भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवलं. पाणी बोटीतून उतरलं! हे वाक्य मुलांच्या डोक्यात बसतं. आणि खारं पाणी आत येणं म्हणजे काय हे गोव्यातल्या मुलांना पुस्तकातून शिकवायची गरजच नाही, दिवाडी किंवा चोडणला फेरीबोटीने जा, खाजन शेतं (खाडीकाठची सखल शेतं) बघा, बांद आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) बघा, बांद फुटला की शेतात खारं पाणी शिरून पुढचे हंगाम कसे जातात ते तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. मालदीवच्या चॅप्टरमध्ये खाजनचा फोटो लावला तरी चालेल, मला तर तो रिसॉर्टच्या फोटोपेक्षा जास्त आवडेल.

भूगोलावरून लगेच शासनाकडे उडी मारू नका, पुस्तकात क्रम तसा असतो पण समजायला अर्थव्यवस्था आधी घेतलेली बरी. वहीत दोन कॉलम करा, डावीकडे "उतरतं", उजवीकडे "चढतं".

मॉरिशसच्या डावीकडे काय येईल? पेट्रोल-डिझेल (बरीच वर्षं ते आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून गेलंय), तांदूळ, गहू, दूध पावडर, गाड्या, मशिनरी, औषधं. तांदळाचं एक उदाहरण घ्याच, जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि मग काही देशांना खास परवानगी दिली, त्यात मॉरिशसला १४ हजार टन. आपल्याकडे तो निर्णय पेपरात एका कोपऱ्यात आला असेल, तिकडे मात्र तो जेवणाच्या ताटाचा प्रश्न होता. जगात कुठेतरी कोणी फाईलवर सही करतं आणि बेटावरचे भाव हलतात, लहान बेटराष्ट्राची अर्थव्यवस्था म्हणजे काय ते इथे दिसतं.

उजवीकडे काय चढतं त्याचा इतिहास काढायचा, आणि मॉरिशसचा इतिहास खरंच मन लावून करण्यासारखा आहे. डच आले, त्यांनी नाव दिलं, डोडो पक्षी संपला, १७१५ पासून फ्रेंच, १८१० ला ब्रिटिश. फ्रेंचांनी ऊस आणि गुलामगिरी वाढवली, ब्रिटिशांच्या काळात १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि मळ्यांवर माणसं हवी म्हणून भारतातून करारावर मजूर न्यायला लागले, राजधानी पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा स्थळ आहे. म्हणजे एकेकाळी बोटीतून माणसं उतरत होती आणि साखर चढत होती. १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यात म्हणजे जवळजवळ फक्त साखर. त्याच्या काही वर्षं आधी, १९६१ मध्ये, ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी या बेटाचा अभ्यास करून भवितव्य फार अंधारं सांगितलं होतं, माणसं वाढतायत, जमीन नाही, एकच पीक. पुढे त्यांना नोबेल मिळालं, पण मॉरिशसच्या बाबतीत त्यांनी सांगितलं तसं घडलं नाही.

का घडलं नाही तेच प्रोजेक्टचं खरं मटेरियल. १९७० मध्ये त्यांनी निर्यातीसाठी खास सवलतींचा कायदा केला, कापड आणि तयार कपड्यांचे कारखाने आले, त्यात मोठ्या संख्येने बायका कामाला लागल्या. १९७५ पासून युरोपने ठरावीक साखर बऱ्या भावाने घ्यायचा करार केला, त्या साखरेच्या पैशातून पुढचे धंदे उभे राहिले. म्हणजे साखर असतानाच साखरेनंतरची तयारी केली. मग पर्यटन. मग वित्तसेवा, आणि इथे भारत येतो: १९८२ च्या भारत-मॉरिशस कर करारामुळे मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणुकीला भारतात शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लागत नव्हता, त्यामुळे वर्षानुवर्षं भारतात येणाऱ्या परकीय गुंतवणुकीच्या यादीत हे चिमुकलं बेट सगळ्यात वर दिसायचं. २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअरवर भारताला कर लावता येऊ लागला. साखरेचंही तसंच, युरोपने २००६ पासून भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये तो जुना करार संपला. आता ते साधी साखर कमी आणि महागड्या खास साखरा जास्त बनवतात, आणि उसाचा रस काढून उरलेल्या चोयट्यांपासून वीज करतात. आपल्याकडे धारबांदोड्याच्या संजीवनी साखर कारखान्याचं गाळप थांबलं तेव्हा ऊसवाल्या शेतकऱ्यांचे काय हाल झाले हे माहीत असलेल्या घरातल्या मुलाला हा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

एक सावधगिरी. "चढतं" या कॉलममध्ये टुरिस्ट आणि बँकिंग कसे लिहायचे असं मुलं विचारतात, कारण ते बोटीत चढत नाहीत. लिहायचेच. बाहेरचा पैसा देशात आणणारं जे काही ते सगळं उजवीकडे. केप व्हर्डचं बघा, आपल्यासारखीच पोर्तुगीज वसाहत, ५ जुलै १९७५ ला स्वतंत्र, पाऊस इतका कमी की शेतीवर पोट भरत नाही, तिथून माणसं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेली आणि त्यांनी पाठवलेल्या पैशावर घरं चालतात. हे तर सासष्टीतल्या कुठल्याही तारवटीच्या घरात समजेल, बाप जहाजावर, पैसा महिन्याला घरी. तुवालू हा आणखी एक चिमुकला बेटदेश तर वेबसाईटच्या पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या "डॉट टीव्ही" या आपल्या नावाच्या हक्कातून आणि मासेमारीच्या परवान्यांतून पैसे कमावतो. मालदीव रिसॉर्टवर आणि गळाने एकेक पकडलेल्या टूना माशावर.

आणि नाऊरू. हे उदाहरण मी कोणालाच गाळू देत नाही. २१ चौरस किलोमीटर, एका दमात चालून फेरी मारता येईल असं बेट, मधोमध फॉस्फेटचा (खतासाठी लागणाऱ्या खनिजाचा) साठा. आधी परक्यांनी खणलं, १९६८ ला स्वातंत्र्य मिळाल्यावर त्यांनी स्वतः खणलं, सत्तरच्या दशकात डोईप्रमाणे उत्पन्न जगात वरच्या रांगेत, आणि मग साठा उतरला, जमवलेला फंड चुकीच्या गुंतवणुकींत गेला, बेटाचा मधला बहुतेक भाग खणून टोकदार दगडांचा माळ झाला जिथे ना शेती होते ना घर बांधता येतं. पुढे ऑस्ट्रेलियाला त्यांच्या देशात येणारे आश्रयार्थी ठेवायला जागा हवी होती, ती देऊन त्याचे पैसे घ्यायची वेळ आली. २०१२ मध्ये डिचोली, सत्तरी, सांगे भागात खाणी बंद होऊन ट्रक दारात उभे राहिले ते ज्यांनी बघितलंय त्यांनी हा परिच्छेद मुलांबरोबर बसून लिहावा. आपल्याकडे निदान बाकीचा गोवा होता, बाजूला भारत होता. नाऊरूला बाजूला समुद्र होता.

आता शासन. इथे पाठांतर करायचा मोह फार होतो, राष्ट्रपती कोण, पंतप्रधान कोण. नावं लिहा, पण सोबत तारीख लिहा, नाहीतर सहा महिन्यांत प्रोजेक्ट शिळं होतं. (मॉरिशसमध्ये नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीनंतर नवीन रामगुलाम पंतप्रधान झाले, डिसेंबरमध्ये धरम गोकुल राष्ट्रपती.) खरं बघायचं ते हे की इतक्या लहान जागेत, जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे सत्ता वाटायची कशी.

मॉरिशसची पद्धत गोव्यातल्या मुलाला लगेच लक्षात येते कारण आपल्याकडे ४० मतदारसंघ, ४० आमदार, हिशेब सरळ. त्यांच्याकडे मुख्य बेटावर २० मतदारसंघ आणि प्रत्येकातून तिघे, मतदार तीन मतं देतो, म्हणजे ६०, रॉड्रिग्जमधून आणखी दोन, एकूण ६२. यावर जास्तीत जास्त आठ जागा अशा उमेदवारांना देता येतात जे हरले पण त्यातल्या त्यात चांगली मतं घेऊन हरले, आणि त्या देताना कुठल्या समाजाला प्रतिनिधित्व कमी मिळालंय ते बघतात. यावर तिकडे बराच वाद आहे, समाजाच्या नावाने उमेदवार मोजावेत का म्हणून. पण त्याची दुसरी बाजूही बघा, १९८२, १९९५ आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. अशा वेळी विरोधी बाकावर कोणीतरी बसायला ह्या जागा कामी येतात. दोन्ही बाजू लिहा, मत विचारलं तर मत द्या.

पंतप्रधानांची यादी काढून बघा, १९६८ पासून आडनावं फक्त तीन: रामगुलाम, जगन्नाथ, बेरांजे. सिवसागर रामगुलाम आणि त्यांचा मुलगा नवीन, अनिरुद्ध जगन्नाथ आणि त्यांचा मुलगा प्रविंद. आपल्याकडे भाऊसाहेब बांदोडकरांनंतर त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या तेव्हाचं राजकारण ज्या आजी-आजोबांना आठवतं त्यांच्याशी मुलांना बोलायला लावा, लहान प्रदेशात घराणी का टिकतात यावर ते पुस्तकापेक्षा जास्त सांगतील. आणि तरीही तिथे मतपेटीतून सरकारं बदलत आलीयेत, हेही तेवढ्याच ठळकपणे लिहायचं.

पुढचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. मॉरिशस ब्रिटिशांनी फ्रेंचांकडून घेतलं तेव्हा तिथले कायदे चालू ठेवले, म्हणून आजही घरगुती आणि मालमत्तेचे व्यवहार फ्रेंच वळणाच्या सिव्हिल कोडने, आणि प्रशासन-कोर्ट इंग्रजी वळणाचं. गोव्यात आपण १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडच्या वळणानेच लग्न नोंदवतो, वाटणी करतो, आणि बाकी कायदे भारताचे. एका जागेवर दोन कायद्यांचे थर म्हणजे काय, हे आपल्या घरच्या वाटणीच्या कागदात दिसतं. शिवाय १२ मार्च १९९२ पासून प्रजासत्ताक असूनही मॉरिशसचं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं, कारण लहान देशाला बाहेरचं, कोणाच्या ओळखीपाळखीत नसलेलं कोर्ट सोयीचं वाटतं. सैन्यही वेगळं नाही, पोलिसांखालीच एक निमलष्करी दल आणि तटरक्षक दल आहे, भारताची मदत असते. वर काढलेलं ते समुद्राचं वर्तुळ आठवा आणि विचारा, याच्यावर लक्ष ठेवतं कोण? भूगोल आणि शासन इथे जुळतात. रॉड्रिग्जला २००२ पासून स्वतःची प्रादेशिक विधानसभा आहे, कारण सहाशे किलोमीटर लांबून पोर्ट लुईने रस्ते-पाणी ठरवणं लोकांना पटत नव्हतं.

समाज कसा आहे ते बघायचा शॉर्टकट म्हणजे सार्वजनिक सुट्ट्यांची यादी. सरकारी साईटवर मिळते, एका पानात देश दिसतो: १ फेब्रुवारी गुलामगिरी बंद झाल्याचा दिवस, २ नोव्हेंबर करारी मजूर आल्याचा दिवस, चिनी नवं वर्ष, तमिळांची कावडी, महाशिवरात्र, उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, ख्रिसमस. ही यादी प्रोजेक्टात तशीच चिकटवा आणि प्रत्येक सुट्टीसमोर ती माणसं कुठल्या बोटीतून आली ते लिहा.

तिन्ही चॅप्टर जोडायला शेवटी एक घटना घ्या आणि तिन्ही बाजूंनी बघा. मी वाकाशिओ घ्यायला सांगते. २५ जुलै २०२० ला जपानी मालकीचं, पनामाचा झेंडा लावलेलं हे मोठं मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर प्रवाळात घुसून अडकलं. काही दिवस ते तसंच उभं, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेल गळायला लागलं, साधारण हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात. लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत, उसाची वाळलेली पात कापडात भरून लांबच लांब पट्टे शिवले आणि तेल अडवायला समुद्रात सोडले. मग जहाजाचे दोन तुकडे झाले. महिनाअखेरीला पोर्ट लुईत हजारो माणसं रस्त्यावर उतरली, बारा दिवस हातात असताना काय केलंत म्हणून. आता विचारा: प्रवाळाचं कडं नसतं तर? (भूगोल.) कोविडमुळे टुरिस्ट आधीच बंद असताना मासेमारीही बंद झाली तर त्या गावांनी खायचं काय? (अर्थव्यवस्था.) परक्या झेंड्याच्या जहाजाकडून भरपाई कोण आणि कशी मागणार, मदत फ्रान्स, जपान, भारताकडूनच का आली? (शासन.) आपल्याकडे जून २००० मध्ये रिव्हर प्रिन्सेस हे जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यावर रुतलं आणि काढायला दशकाहून जास्त काळ गेला, वाळू कशी वाहून गेली ते त्या भागातल्या लोकांनी बघितलंय. दोन्ही जहाजं शेजारी ठेवून एक पान लिहिलं तर तेच पान सगळ्यात चांगलं होतं, असा माझा तरी अनुभव आहे.

आकड्यांबद्दल थोडं, कारण इथेच मार्क जातात. लहान देशाचे आकडे एका धक्क्याने उलटेपालटे होतात, म्हणून साल लिहिल्याशिवाय आकडा लिहूच नका. मॉरिशसला २०१९ मध्ये जवळपास १३.८ लाख पर्यटक आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त, आणि २०२० मध्ये तीन लाखांच्या आसपास. जुलै २०२० मध्ये जागतिक बँकेने त्यांना श्रीमंत देशांच्या गटात घातलं आणि पुढच्याच वर्षी खाली आणलं. तुम्ही कुठल्या सालचा लेख कॉपी केलात त्यावरून देश श्रीमंत किंवा मध्यम ठरणार, बघा! दरडोई उत्पन्नाचंही जपून, थोड्या माणसांत बाहेरच्या कंपन्यांचा पैसा भागला की आकडा फुगतो, घरात तेवढा येतो असं नाही. मालदीवचं क्षेत्रफळ तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं दिसेल कारण वाळू भरून नवीन जमीन करतात, हुलहुमाले तसंच झालंय.

माहिती कुठून घ्यायची? देशाचं सांख्यिकी खातं (स्टॅटिस्टिक्स मॉरिशस), त्यांची मध्यवर्ती बँक, संविधानाचा मूळ मजकूर, आणि अर्थमंत्र्यांचं बजेट भाषण, त्यांचं आर्थिक वर्ष जुलैपासून असल्यामुळे ते साधारण जूनमध्ये येतं. बजेट भाषण वाचायला कंटाळवाणं वाटेल पण पहिली दहा पानं वाचली की सरकारला कशाची काळजी लागलीय ते कळतं. तिकडचे पेपर बरेचसे फ्रेंचमध्ये असतात, मोबाईलवर भाषांतर करून वाचता येतात, फक्त आकडे मूळ पानावरून टिपा. पुस्तकं हवी असतील तर पणजीत पाट्टोला सेंट्रल लायब्ररी आहेच, तिथे ॲटलास मांडून बसा, मोबाईलवर झूम करण्यापेक्षा हिंदी महासागर एका नजरेत बघितलेला बरा, अंतरांचा अंदाज त्याशिवाय येत नाही.

लिहिताना नकाशा हाताने काढा आणि त्यावर स्केल टाका, गोवा त्याच स्केलने कोपऱ्यात काढा. बोटीचे दोन कॉलम पहिल्याच पानावर घ्या, झेंडा आणि राष्ट्रगीत मागे गेलं तरी चालतं. व्हायव्हाला बाई बहुतेक वेळा "या देशापुढची मोठी समस्या कोणती" असं विचारतात आणि सगळी मुलं "क्लायमेट चेंज" म्हणून मोकळी होतात. ते बरोबर आहे, पण तेवढंच सांगू नका. उतरणाऱ्या कॉलममधली एक वस्तू निवडा, उद्या ती बोट आलीच नाही तर पहिल्या आठवड्यात काय होईल, महिन्याने काय होईल, आणि सरकार कोणाला फोन करेल, एवढं क्रमाने सांगायची तयारी करून जा.